दादा थापा मारत नाहीत, ताई

पत्राचा गोषवारा: डिचोली तालुक्यात माहेर आणि फोंड्याकडे सासर असलेल्या एका वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मोठे भाऊ 53 वर्षांचे. खाणीवर स्वतःचा ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुढच्या वर्षी ट्रक विकला आणि तोवर संध्याकाळपुरती असलेली फेणी दिवसावर आली. आता रोज दोन क्वार्टर, हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत तर सकाळपासूनच. जेवण म्हणजे दोन घास भात आणि हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, रस. गणेश चवथीपासून विसरायला लागले. गेले पंधरा दिवस ओकाऱ्या, आणि आठवडाभर चालताना झोकांड्या, समोरचं माणूस दोन दिसतं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावून बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दिलं. आता ते सगळ्यांना सांगतात की शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन मिरच्या आणल्या. प्रत्यक्षात अंगणाबाहेर पडलेले नाहीत. वहिनी म्हणतात, थापा मारतायत, खोलीत कोंडून दारू बंद करा. भाचा म्हणतो, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवूया. शेजारणीने चहात गुपचूप घालायची गोळी सुचवली. जाणत्यांनी देवळात कौल लावायला सांगितलं. ताई विचारतात, यातलं आधी काय करू? आणि शेवटी एक ओळ: "दादा रोज विचारतात, माझा ट्रक खंय? विकला म्हणून सांगितलं की रडतात, दर वेळी नव्याने. काय सांगू?"

ताई,

यातलं आधी काहीच नको. आधी इस्पितळ, आणि तेही आजच. तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी एवढं तुम्हाला कळवलं होतं. इथे ते पुन्हा लिहितोय, कारण अशा घरांतून हे सदर वाचणारे आणखीही असणार.

पंधरा दिवस ओकाऱ्या, त्याआधी कित्येक महिने धड जेवण नाही, रोजची दारू, आणि आता तोल जातो, दोन-दोन दिसतं, डोक्यात गोंधळ. हे चित्र डॉक्टरांना सांगितलं की त्यांच्या मनात पहिलं नाव यायला हवं ते वर्निकेज एन्सेफॅलोपॅथीचं. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-1 संपल्यामुळे मेंदूच्या आतल्या काही भागांना होणारी ही इजा. वेळेत थायमिन शिरेतून मिळालं तर ती बरीचशी मागे फिरते. नाही मिळालं तर काही जण दगावतात, आणि वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांची नवीन आठवण साठवण्याची ताकद कायमची जाते. त्या दुसऱ्या अवस्थेला कोर्साकॉफ सिंड्रोम म्हणतात. एकीतून दुसरीत जायला कधी कधी थोडेच दिवस लागतात, म्हणून ही घाई.

108 ला फोन करा किंवा गाडी करून थेट बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत न्या. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ जवळ पडत असेल तर तिथे. मानसोपचाराच्या ओपीडीत नंबर लावून बसू नका. ही आधी मेडिसिनवाल्यांची केस आहे.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. रोज किती आणि काय पितात. शेवटचा घोट किती वाजता घेतला. ओकाऱ्या कधीपासून, आणि जेवण कधीपासून सुटलं. झोकांड्या आणि दोन दिसणं कोणत्या दिवशी सुरू झालं. त्याखाली ठळक अक्षरांत लिहा: "वर्निकेची शंका आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावं ही विनंती." डॉक्टरांना शिकवल्यासारखं वाटेल, वाटू द्या. गर्दीच्या कॅज्युअल्टीत पिऊन आलेला माणूस म्हटलं की त्याला "उतरेल" म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवलं जातं, आणि हा आजार नेमका तिथेच निसटतो. ऑस्ट्रेलियात पर्थला 1986 साली शवविच्छेदनात सापडलेल्या अशा 131 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण 20 टक्क्यांचंच निदान जिवंतपणी झालेलं होतं. डोळे, तोल आणि गोंधळ ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र दिसलेले फक्त 16 टक्के होते. म्हणून आता तिन्हींची वाट पाहत नाहीत. खाण्याची आबाळ, डोळ्यांत बिघाड, तोल जाणं, गोंधळ किंवा विस्मरण, या चारांतली कोणतीही दोन असली तरी दारू पिणाऱ्या माणसाला वर्निके धरून उपचार सुरू करतात. तुमच्या दादांकडे चारही आहेत.

आता ग्लुकोजचं. साखरेतून ताकद काढायला पेशीला थायमिन लागतं. थायमिन नसताना नुसतं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, चढवलं तर साखर जाळण्याचा भार वाढतो आणि उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं. अशाने धडधाकट दिसणारा माणूस काही तासांत बिघडू शकतो. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणावर लावतात त्या सलाईनीत पुष्कळदा ग्लुकोज असतं. मागच्या आठवड्यात कोणती बाटली लावली होती, ते त्या डॉक्टरांना विचारून कागदावर टाका, भांडण न करता. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: रक्तातली साखर खरोखरच खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, दोन्ही एकदमच देतात.

"पण बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन तर दिलं होतं," असं तुम्ही लिहिलंय. हिशेब मात्रेचा आहे. निरोगी माणसाला दिवसाला एक-दीड मिलिग्रॅम थायमिन पुरतं. वर्निकेत ते 200 ते 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, 100 मिलि नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात शिरेतून देतात. असं निदान दोन-तीन दिवस, मग फरक दिसत राहील तोवर रोज 250 मिलिग्रॅम, आणि त्यानंतर गोळ्या. म्हणजे मोठ्या मात्रेत दिवसाचे 1500 मिलिग्रॅम. त्यापुढे बी-कॉम्प्लेक्सच्या कुपीतलं थायमिन म्हणजे तव्यावरचं पाणी. गोळ्यांचंही तसंच. तोंडाने घेतलेल्या एका मात्रेतून निरोगी आतडंसुद्धा जेमतेम साडेचार मिलिग्रॅम शोषतं, आणि दारूने, उपासमारीने थकलेलं आतडं त्याहून कमी. म्हणून सुरुवातीला गोळी देऊन "बघूया" म्हणणं चालत नाही. अंगावर पुरळ, धाप अशी जोराची रिॲक्शन क्वचित येते, त्यामुळे हे इंजेक्शन घरी किंवा मेडिकलवाल्याकडून घ्यायचं नसतं.

मॅग्नेशियम तपासायला सांगा. हे नेहमी राहून जातं. थायमिन पेशीत कामाला लागायला मॅग्नेशियम हवं, आणि रोज पिणाऱ्यांच्या अंगातलं ते लघवीवाटे गेलेलं असतं. भरपूर थायमिन देऊनही फरक दिसत नाही तेव्हा पुष्कळदा हेच कारण निघतं. एमआरआय करतील. त्यात मेंदूच्या मध्यातल्या थॅलमसचा आतला भाग आणि मॅमिलरी बॉडी नावाचे दोन वाटाण्याएवढे गोळे उजळ दिसले तर निदान पक्कं. पण एमआरआय जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मलही येतो. "स्कॅन चांगला आलाय, घरी न्या" असं कुणी म्हणालं तर ऐकून न्यायचं नाही. रक्तातल्या थायमिनच्या रिपोर्टसाठीही कुणी थांबत नाही. इंजेक्शन लागल्यावर डोळ्यांचा बिघाड काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुधारला, तर तोच रिपोर्ट.

याच लक्षणांमागे दुसरंही काही असू शकतं: झोकांडीत डोकं आपटून कवटीत साचलेलं रक्त, सोडियम उतरणं, यकृताच्या बिघाडाने येणारी गुंगी. ते सगळं तपासलं जाईलच. पण तपासण्या चालू असताना थायमिन थांबवून ठेवायचं कारण नाही.

घरी शंका कशी ओळखायची, हे इतर वाचकांसाठी. माणसाला खुर्चीवर बसवा, समोर दोन फुटांवर पेन धरा आणि "डोकं न हलवता नुसते डोळे फिरवा" असं सांगून पेन सावकाश उजवीकडे आणि मग डावीकडे न्या. बुबुळ कडेला पोचून तिथे टिकत नसेल, बारीक झटके घेत मागे सरकत असेल, किंवा एक डोळा कडेपर्यंत जातच नसेल, तर ते लक्षण. मग जमिनीवरच्या लादीच्या रेषेवर चालायला सांगा, बाजूला एकाने उभं राहून. पाय फाकवून, बोटीवरच्या खलाशासारखं चालत असतील तर दुसरं. दारूच्या अमलातही डोळे आणि पाय असेच वागतात, हे खरं. म्हणून पाहायचं सकाळी, रात्रीची उतरल्यावर. सकाळीही तसंच राहिलं तर ती नशा नव्हे. आणि संशय असूनही खात्री नसेल तर न्यायचंच. नको असताना दिलेलं थायमिन लघवीतून निघून जातं.

आता वहिनींच्या उपायाकडे. कोंडून दारू बंद. वहिनींचा राग समजतो. अकरा-बारा वर्षं रात्री दार उघडं ठेवून वाट पाहिलेल्या बाईला कुणी धीर धरायला सांगू नये. पण हा एक उपाय असा आहे, ज्यात दादा घरातच दगावू शकतात. रोज दोन क्वार्टर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्याने जीव जातो. इस्पितळात डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपामच्या मात्रा देऊन आणि त्या पाच-सात दिवसांत उतरवत आणून हा टप्पा पार करतात. दारू बंद व्हायलाच हवी, आणि कायमची. फक्त ती इस्पितळातल्या खाटेवर बंद होऊ दे. तिथे पोचेपर्यंत बाटली फोडायची, पैसे काढून घ्यायचे, असलं काही करू नका.

भाच्याचं म्हणणं चूक नाही, क्रम चूक आहे. राहून उपचार देणाऱ्या केंद्रांत बहुतेक काम बोलण्यातून चालतं: गटात बसायचं, ऐकायचं, आपलं सांगायचं, ठरवायचं. सकाळी ऐकलेलं दुपारी ज्याच्या डोक्यात उरत नाही, त्याला त्यातून आज काय मिळणार? शिवाय अशा काही केंद्रांत रात्री डॉक्टर नसतो. इस्पितळातून सुटल्यावर, डोकं जरा ताळ्यावर आल्यावर केंद्र जरूर पाहा, आणि आत पाऊल टाकण्याआधी विचारा: रात्री आकडी आली तर कोण पाहतं? थायमिन इंजेक्शन देता का? मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर परत फिरा. बांबोळीलाच आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे मानसोपचारतज्ज्ञ व्यसनाचे उपचार करतात. आणि "ते यायला तयार नाहीत" ही अडचण असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 94 खाली जिवाला धोका असताना नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पुढे रुग्णाला स्वतःचं भलंबुरं ठरवता येत नसेल तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर भरती करता येते. दारूमुळे झालेले मानसिक आजारही या कायद्यात येतात.

चहातली गोळी, नाही. ती बहुधा डायसल्फिरामची असते. तिच्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती चालते माणसाला माहीत असतं म्हणून: गोळी घेतलीय, आता प्यायलो तर मरेन, ही भीती हाच तिचा उपचार. तुमच्या दादांना गोळी घेतल्याचं सांगितलं तरी आठवणार नाही, आणि न सांगता दिली तर ते पिणारच. शिवाय ती स्वतःच कधी कधी डोक्यात गोंधळ करते. दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट. त्यातलं कोणतं, ते यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील.

कौल लावायला कुणाची हरकत असणार? सलाईन लागल्यावर लावा.

आता ज्या गोष्टीने तुम्ही सगळे दुखावला आहात, ती. मिरच्यांची. दादा थापा मारत नाहीत. थाप मारणाऱ्याला खरं माहीत असतं. इथे कालच्या दिवसाच्या जागी रिकामी फट आहे, आणि मेंदू ती फट जवळ असलेल्या सामानाने बुजवतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ते आयुष्यभर करत आलेत. मिरच्यांच्या राशी, घासाघीस, बसचा धूर, सगळं खरं आहे, फक्त तारीख चुकीची लागलीय. याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. म्हणूनच ते इतक्या ठामपणे बोलतात आणि तुम्ही पुरावा दिलात की चिडतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर खोटं तुम्ही बोलताय.

हे ओळखणारे दोघे डॉक्टर जुने आहेत. कार्ल वर्निकेने 1881 मध्ये तीन रुग्णांचं वर्णन केलं, सर्गेई कोर्साकॉफने 1887 पासून या विस्मरणावर लिहिलं. तोवर जीवनसत्त्व हा शब्दही नव्हता, त्यामुळे दोघांनाही कारण कळलं नव्हतं. गंमत म्हणजे वर्निकेच्या तिघांपैकी एक दारू पिणारी नव्हतीच. ती शिवणकाम करणारी तरुणी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं, आणि त्यानंतर तिला ओकाऱ्या थांबेनात. हे मुद्दाम सांगतोय. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे ओकाऱ्या होणारी बाई, पोटाचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेला माणूस, केमोथेरपीत अन्न न टिकणारा रुग्ण, यांनाही हा आजार होतो, आणि त्यांच्या बाबतीत तो सुचतच नाही.

"पण दादा भात तर खातात," असं तुम्ही विचारलंय. शरीरात थायमिनचा साठा असतो जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम. नवीन आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो तळाला जातो. त्यात दारू तीन ठिकाणी आडवी येते: आतड्यातून शोषण कमी, यकृतात साठवण कमी, आणि पेशीत थायमिन वापरण्याजोगं होण्यात अडथळा. वर पोट भरल्याचा भास. दोन क्वार्टर म्हणजे 360 मिलि. फेणी 42 टक्क्यांच्या आसपासची धरली तर त्यात जवळपास 120 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे साडेआठशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यात जीवनसत्त्व शून्य. जेवणाची भूक मरते ती यामुळे.

भाताचंही नीट पाहा. आपल्याकडचा उकडा तांदूळ यात खरोखर शहाणा आहे. भात सालासकट भिजवून वाफवतात तेव्हा कोंड्यातलं बी-1 दाण्याच्या आत शिरतं आणि मग गिरणीत कोंडा गेला तरी बरंचसं आतच राहतं. सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की ते कोंड्याबरोबर गुरांच्या टोपलीत. त्यात तीन-चार पाण्यांत चोळून धुतला आणि वरचं पाणी ओतून दिलं की उरलंसुरलंही गेलं, कारण ते पाण्यात विरघळतं. उकड्याची पेज पाण्यासकट खाल्ली जाते, हा तिचा मोठा गुण. दादा घरी आले की सकाळी दहाची पेज पुन्हा सुरू करा. सोबत अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्सा, मूग, शेंगदाणे, नाचणीचं आंबिल. कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालत असाल तर सोडून द्या, सोड्याने थायमिन मरतं. जेवणाबरोबरचा कडक चहाही तासभर पुढे ढकला. पण एक गोष्ट ध्यानात असू दे: हे सगळं इंजेक्शनांनंतरचं आहे. पेजेने वर्निके बरा होत नाही.

घरी सोडताना थायमिनच्या गोळ्या लिहून देतील, बहुधा 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, कित्येक महिने. गोळ्या दादांच्या हाती देऊ नका. घेतल्या की नाही हे त्यांना कळणार नाही, आणि विचारलं तर ते "घेतल्या" म्हणतील, अगदी मनापासून. डबी वहिनींकडे, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण.

किती सुधारणा होईल? डोळे लवकर सुधारतात. गोंधळ एक-दोन आठवड्यांत निवळू लागतो. चाल सुधारायला आठवडे-महिने लागतात, आणि बऱ्याच जणांची थोडी फाकलेलीच राहते. स्मरणशक्ती सगळ्यांत मागून येते. ढोबळ मानाने कोर्साकॉफच्या चार रुग्णांत एक जवळपास पूर्ववत होतो, दोघे अर्धेमुर्धे सुधारतात, एक तिथेच राहतो. आणि ही सुधारणा दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते, दारू पूर्ण सुटलेली असेल तरच. "थोडी कमी केली" यात बसत नाही. दादांचं विसरणं चवथीपासून आहे, तेव्हा ते सगळं परत येईल असं तुम्हाला सांगणं बरोबर होणार नाही. पण झोकांड्या आठवड्याच्याच आहेत, म्हणजे आत अजून काहीतरी नव्याने जळतंय, आणि ते विझवता येतं.

घरात त्यांच्याशी वागायची रीत बदलावी लागेल. "आठवतंय का?" हा प्रश्न बंद. त्याचं उत्तर अंदाजाने येतं, आणि चुकीचा अंदाज एकदा तोंडातून गेला की तोच डोक्यात रुततो. त्याऐवजी बरोबर उत्तर आधीच देऊन टाका: "चष्मा कुठे ठेवलात?" असं न विचारता "चष्मा फ्रीजवरच्या निळ्या डब्यात" असं सांगा, हाताने दाखवा, त्यांच्याच हाताने काढून घ्या, आणि रोज तसंच. शंभरदा. असं शिकवलेलं या आजारातही टिकतं, कारण हातांची आठवण वेगळ्या कोठीत असते. पडवीत एक फळा टांगा. त्यावर मोठ्या अक्षरांत वार, तारीख आणि दोनच ओळी: "मुलगा कामावर गेलाय, सहाला येईल. जेवण एक वाजता." रोज सकाळी वहिनींनी पुसून लिहायचं. जुनी ओळ राहिली तर गोंधळ दुप्पट. सामानाच्या जागा हलवू नका. चवथीला घराला रंग द्यायचा बेत असेल तर पुढच्या वर्षी.

हातांच्या आठवणीची दुसरी बाजूही बघा. ते गाडी चालवू शकतील, अगदी सफाईने. कुठे चाललोय हे दुसऱ्या वळणावर विसरतील, इतकंच. घरातल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या नजरेआड. गॅसचा कॉक खालून बंद. विहिरीला झाकण. कोऱ्या किंवा भरलेल्या कोणत्याही कागदावर त्यांची सही होऊ देऊ नका, घरच्यांपैकी कुणी मागितली तरी. काय लिहिलंय हे समजून ते लक्षात ठेवता न येणाऱ्याची सही उद्या कोर्टात टिकत नाही आणि भावाबहिणींत मात्र कायमची राहते. तावेर्नवाल्याला, म्हणजे दारूच्या गुत्तेवाल्याला, भाच्याने एकदा समक्ष भेटून सांगावं. गावात हे होतं, लाज धरू नये.

उलट हाताला सवयीचं काम द्या. कुळागर आहे असं लिहिलंय तुम्ही. सुपारी सोलायला बसवा, नारळ सोलायला नको, त्याची सुळी धारदार असते. जिथे रोज बसतात तिथेच, रोज त्याच वेळी.

वहिनींसाठी: टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीतूनही बोलता येतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट चालतात, जवळ आहे का विचारून बघा. महिन्यातून चार दिवस दादांची जबाबदारी तुम्ही किंवा भाच्याने घेऊन त्यांना माहेरी जाऊ द्या. हे या पत्रातलं औषधांइतकंच जरुरीचं आहे, कारण पुढची दोन वर्षं रोज सकाळी फळा पुसून लिहिणाऱ्या त्याच आहेत.

आणि ट्रक. हा आजार नवीन आठवणी साठवू देत नाही आणि मागच्याही काही वर्षं पुसतो, कधी कधी दहा-पंधरा. दादांच्या डोक्यात 2013 उजाडलंच नसेल. तुम्ही "विकला" म्हणता तेव्हा ते त्यांना पहिल्यांदाच कळतं, दर वेळी. शब्द दहा मिनिटांत जातात, रडू मात्र दुपारभर अंगात राहतं, कशाचं ते न कळता. तेव्हा रोज तीच बातमी द्यायची गरज नाही. खोटंही बोलायला नको, "गॅरेजमध्ये आहे" म्हणालात तर ते गॅरेजला निघतील. "आज ट्रकाला काम नाही, दादा," एवढंच म्हणा. ते खरंच आहे. मग विचारा, घाटात भरलेला ट्रक कुठल्या गिअरमध्ये उतरवायचा. ते त्यांना येतं. सांगू दे सगळं, आणि सांगता सांगता सुपारीची टोपली पुढे ओढा.